गोंडा कुणाच्या केसांचा?

मेलबर्नला स्थायिक झालेले आमचे एक आप्त गेल्या वर्षी सुटीत घरी आले होते. त्यांनी मुलांसाठी जी खेळणी आणली, त्यांत कोआला अस्वलाची एक टीचभर प्रतिकृती होती. खेळणे खरोखरच गोजिरवाणे होते. काचेचे डोळे, कातड्याचे काळे नाक आणि हात फिरवताच सुखावून जावे अशी मऊ, दाट लव. पोटाखाली शिवलेल्या चिंधीवर मात्र बारीक अक्षरांत छापले होते, की ही लव कांगारूची आहे. घरातील दहा वर्षांच्या मुलीने ती अक्षरे वाचली आणि विचारले, "कोआलाच्या अंगावर कांगारूचं कातडं कशाला?" आप्त हसले. आपण ते वाचलेच नव्हते, असे त्यांनी प्रांजळपणे सांगितले. विमानतळावर घाईघाईने, उरलेले सुटे पैसे संपवावेत म्हणून घेतलेली ती वस्तू होती.

या प्रश्नामागे एक लांबलचक इतिहास दडलेला आहे. खऱ्या कोआलाची कातडी एके काळी जहाजे भरभरून परदेशी जात असत. १९२७ साली क्वीन्सलँड राज्याने शिकारीला अल्पकाळ मोकळीक दिली, तेव्हा त्या एका हंगामात सहा लाखांच्या आसपास कोआला मारले गेले. पुढे लोकमत खवळले, कोआलाला कायद्याचे संरक्षण मिळाले, त्याचे रूपांतर राष्ट्राच्या लाडक्या प्रतीकात झाले आणि त्या प्रतीकाची खेळणी करण्यासाठी कांगारूची कातडी कापली जाऊ लागली. कांगारूंची शिकार ऑस्ट्रेलियात ठरावीक संख्येच्या मर्यादेत कायदेशीर आहे, हे खरे. तरी एका प्राण्यावरील प्रेम व्यक्त करण्यासाठी दुसऱ्या प्राण्याचे कातडे पांघरावे, यातील विसंगती दहा वर्षांच्या मुलीला जाणवते आणि घेणाऱ्याला जाणवत नाही, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

फरच्या कोटाविरुद्धची चळवळ आता जुनी झाली. १९८४ साली ब्रिटनमध्ये भिंतीभिंतींवर एक चित्र झळकले होते. त्यात एक सुवेष स्त्री आपला फरचा कोट जमिनीवरून ओढत निघाली आहे आणि मागे रक्ताचा पट्टा उमटत चालला आहे. डेव्हिड बेली या नामवंत छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या त्या चित्राने एका पिढीच्या मनावर घाव घातला. कोट ही श्रीमंतीची निशाणी होती ती लाजेची झाली. पुढे इंग्लंड व वेल्समध्ये २००३ पासून फरसाठी प्राणी पाळणेच बंद झाले. कॅलिफोर्नियाने फरच्या नव्या मालाच्या विक्रीवर बंदी घातली, ती २०२३ पासून अमलात आली. २०२० च्या नोव्हेंबरात डेन्मार्कमध्ये मिंक नावाच्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांत कोरोनाचा विषाणू पसरला, तेव्हा देशातील दीड कोटींहून अधिक मिंक मारून टाकण्याचा निर्णय सरकारने घेतला. हॉलंडने आपली ठरलेली बंदी त्याच सुमारास अलीकडे ओढली. २०२३ मध्ये युरोपीय संघातील पंधरा लाखांहून अधिक नागरिकांनी या धंद्याच्या संपूर्ण बंदीसाठी रीतसर सह्या केल्या. एवढ्या घडामोडी पाहिल्यावर कोणासही वाटेल, की फरचा प्रश्न जवळजवळ निकालात निघाला.

वस्तुस्थिती तशी नाही. कोट मागे हटला आणि गोंडा पुढे आला. किल्लीच्या साखळीला लटकणारा, टोपीच्या शेंड्यावर डुलणारा, हातमोज्याच्या कडेला शिवलेला, पर्सच्या बंदाला अडकवलेला हा लवदार गोंडा आज जगभरच्या भेटवस्तूंच्या दुकानांत दिसतो. त्याच्याच शेजारी टोपलीत पहुडलेली हुबेहूब मांजरे, सशाच्या पायाची 'भाग्यवान' साखळी, लवदार कुत्र्याची पिल्ले असा सारा मेळा असतो. यांतील पुष्कळ माल कृत्रिम धाग्याचा असतो, यात शंका नाही. परंतु पुष्कळसा नसतो, आणि घेणाऱ्याला त्यातला फरक कळत नाही. प्रस्तुत लेखकाला या विषयाचे आकर्षण वाटले, ते याच ठिकाणी. कारण बाजारपेठ कशी चालते याविषयी आम्ही वर्गात जे शिकवितो, त्याला येथे विलक्षण उलटा पीळ पडलेला आहे.

नकली दागिना सोन्याचा म्हणून खपवणारा सराफ आपल्या परिचयाचा आहे. पण अस्सल सोने पितळेच्या नावाने विकणारा सराफ कोणी पाहिला आहे काय? फरच्या बाजारात तो आहे. २०१३ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तीन विक्रेत्यांवर कारवाई केली. खरी फर असलेला माल 'कृत्रिम' म्हणून विकल्याचा आरोप त्यांच्यावर होता. ब्रिटनमध्ये २०१७ साली वृत्तवाहिनीच्या व प्राणिमित्रांच्या पाहणीत हाच प्रकार उघडकीस आला. २०१८ मध्ये तेथील संसदेच्या समितीने त्याची चौकशी केली, आणि २०१९ च्या आरंभी जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने दोन विक्रेत्यांना ठपका दिला. त्यांपैकी एकाचा माल म्हणजे गोंडे लावलेला एक साधा स्वेटर होता. जाहिरातीत 'कृत्रिम फर' आणि प्रत्यक्ष तपासणीत प्राण्याचे केस!

असे का घडावे? याचे पहिले कारण उत्पादनखर्चात आहे. चांगल्या प्रतीची कृत्रिम फर विणणे हे स्वस्त काम नाही. उलट जेथे मजुरी कमी आहे, प्राण्यांच्या संगोपनाचे नियम सैल आहेत आणि मागणी घटल्याने कातड्यांचा साठा पडून आहे, तेथे खरी फर मातीमोलाने मिळते. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. ग्राहकाला स्पर्श खऱ्या फरचा हवा असतो आणि मन मात्र स्वच्छ राहावे अशी त्याची इच्छा असते. या दोन्ही मागण्या एकाच वस्तूत पुरवावयाच्या, तर खऱ्या फरवर 'कृत्रिम' अशी चिठ्ठी लावण्याइतका सोपा मार्ग दुसरा नाही. विक्रेता कच्च्या मालात पैसे वाचवितो आणि गिऱ्हाइकाच्या सदसद्विवेकाचेही समाधान करतो. १९७० साली जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले होते, की विक्रेत्याला जे ठाऊक आहे ते ग्राहकाला ठाऊक नसेल, तर बाजार हळूहळू सडत जातो. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले त्यामागे हाच निबंध होता. त्यांच्या बाजारात निदान किंमत पाहून काही संशय तरी घेता येई. 'इतकी स्वस्त मोटार, म्हणजे काहीतरी गोम असणार' असे ग्राहक म्हणू शकत होता. येथे तोही आधार उरत नाही. 'इतका स्वस्त गोंडा, म्हणजे तो नकलीच असणार' ही सर्वसामान्य माणसाची अटकळ आहे आणि तीच त्याला फसविते.

अशा वेळी कायद्याने हस्तक्षेप करावयाचा असतो. तो त्याने केला आहे, पण कसा, ते पाहण्यासारखे आहे. फरच्या मालावर प्राण्याचे नाव लिहिण्याची सक्ती करणारा कायदा अमेरिकेत १९५१ पासून आहे. त्यात प्रारंभापासूनच एक सवलत होती. ज्या मालात फरचे प्रमाण किंवा मूल्य तुलनेने अल्प आहे, तो माल आयोगाने सूट दिल्यास या सक्तीतून मोकळा. अल्प म्हणजे किती, याची मर्यादा वाढत वाढत १९९८ मध्ये दीडशे डॉलरवर गेली. म्हणजे कॉलरला दीडशे डॉलरपर्यंतची फर लावा आणि ती कुणाची हे सांगू नका! महाग कोट घेणाऱ्या धनिकाला प्राण्याचे नाव कळण्याचा हक्क होता. स्वस्त जाकीट घेणाऱ्या विद्यार्थिनीला तो नव्हता. ही सवलत २०१० च्या दुरुस्तीने गेली, तिच्यासाठी प्राणिमित्र संघटनांनी कित्येक वर्षे खटपट केली. परंतु मूळ व्याख्या तशीच राहिली, की फरचा माल म्हणजे अंगावर घालावयाचे वस्त्र. किल्लीची साखळी कोणी अंगावर घालत नाही. टोपलीतले मांजरही नाही. म्हणजे ज्या वस्तूंत फसगत सर्वांत सोपी, त्या व्याख्येच्या कुंपणाबाहेरच आहेत.

युरोपची कथा फारशी वेगळी नाही. तेथे २०११ च्या नियमानुसार कापडी मालावर 'यात वस्त्रेतर प्राणिजन्य भाग आहेत' असे लिहावे लागते. हे वाक्य ज्या कारकुनाने रचले त्याचे कौतुक केले पाहिजे. त्यात शिंगाचे बटणही बसते, चामड्याची पट्टीही बसते आणि खोकडाची शेपटीही बसते. कोणता प्राणी, हे सांगण्याची गरजच नाही! (जाता जाता सांगावयाचे, तर इंग्रजीत ज्याला फॉक्स म्हणतात ते आपले खोकड. वृत्तपत्रांत त्याला सर्रास कोल्हा म्हटले जाते, त्यामुळे जंगलातील दोन निरनिराळ्या प्राण्यांची हकनाक सरमिसळ होते. नाव नीट न घेण्याची सवय केवळ युरोपातील कारकुनांनाच आहे असे नाही.)

कुत्रे व मांजर यांच्या बाबतीत मात्र दोन्हीकडच्या कायदेमंडळांनी तत्परता दाखविली. अमेरिकेने २००० साली कायदा करून त्यांच्या फरचा व्यापार थांबविला. त्या कायद्याच्या प्रस्तावनेत असे नमूद आहे, की दरवर्षी अंदाजे वीस लाख कुत्री व मांजरे या व्यापारासाठी मारली जातात आणि त्यांची फर कोट-टोप्यांप्रमाणेच भरीव प्राणी व खेळणी यांतही वापरली जाते. युरोपीय संघाची तशीच बंदी २००८ च्या अखेरीस अमलात आली. घरात पाळलेल्या प्राण्याविषयी लोकांना माया असते, म्हणून कायदा झाला. हे स्वाभाविकच आहे. पण रंगविलेल्या, कातरलेल्या बोटभर लवेवरून ती मांजराची की सशाची हे सामान्य माणसाला ओळखता येत नाही, असे त्याच प्रस्तावनेतील दुसरे प्रतिपादन आहे. ते मान्य केले, तर केवळ दोन प्राणी निवडून उरलेल्यांना मोकळे सोडण्याने कुत्र्या-मांजरांचे संरक्षणही पुरतेपणी होत नाही, हे ओघानेच आले.

या मोहिमेविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात, त्यांतील एक अर्थशास्त्राचा आधार घेऊन येतो. म्हणून त्याचा परामर्श घेणे मला भाग आहे. ससा मांसासाठी मारला जातोच. त्याचे कातडे फेकून देण्यापेक्षा त्याचा गोंडा केला तर बिघडले काय? आल्फ्रेड मार्शल यांनी संयुक्त पुरवठ्याची जी उदाहरणे दिली आहेत, त्यांत गोमांस व कातडे आहे, गहू व काड आहे. त्यांच्याच तर्काने पाहिले तर दिसते, की कातड्याला मिळणारी किंमत मांसाच्या धंद्याच्या मिळकतीत भर घालते आणि म्हणून अधिक प्राणी पाळणे परवडू लागते. काड विकले जाते म्हणून गव्हाचा पेरा थोडा तरी वाढतोच. 'फुकट' उप-उत्पादन अशी वस्तू, ती ज्या क्षणी विकली जाते त्या क्षणापासून, हिशेबात उरत नाही. शिवाय हा युक्तिवाद फार तर सशापुरता. मिंक आणि खोकड यांचे मांस कोणी पानात वाढून घेत नाही. तारेच्या अरुंद पिंजऱ्यात ते वाढवितात ते कातड्यासाठीच. जो प्राणी मोकळेपणी असता तर नदीकाठी एकट्याने पोहत-शिकार करत हिंडला असता, तो मिंक अशा पिंजऱ्यात आयुष्य काढतो आणि शेवटी वायूने गुदमरवला जातो. खोकडाला विजेचा धक्का देतात. कातडे शाबूत राहावे, हा त्या पद्धतींमागील हेतू आहे.

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा आहे आणि तो इतक्या सहज झटकून टाकता येत नाही. १९८३ साली युरोपने सीलच्या पांढऱ्या पिल्लांची कातडी आणावयास मनाई केली. त्या लाटेत सीलच्या कातड्याची सारी बाजारपेठच कोसळली आणि उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांचे रोख उत्पन्न बुडाले. वास्तविक ते पिल्लांची नव्हे, मोठ्या सीलची, आणि तीही अन्नासाठी शिकार करीत. २००९ च्या नव्या नियमात युरोपने त्यांच्यासाठी अपवाद केला, पण एकदा गेलेले गिऱ्हाईक कायद्याच्या कलमाने परत येत नाही. आपल्याकडे १९८६ च्या दुरुस्तीने वन्य प्राण्यांच्या कातड्यांचा व्यापार बंद झाला, तेव्हाही ज्यांच्याकडे माल पडून होता ते फर-व्यापारी न्यायालयात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये बंदी उचलून धरली. निकाल योग्यच होता, असे माझे मत आहे. परंतु दुकानाच्या मागच्या खोलीत सुई घेऊन बसणाऱ्या कारागिराने दुसरे काय शिवावे, याचे उत्तर न्यायालयाने द्यावयाचे नसते. ते सरकारने व मोहीम चालविणाऱ्यांनी शोधावयाचे असते. हिशेबात ही बाजू न धरता जे पुण्य पदरात पाडून घेतात, त्यांच्याविषयी मला फारसा आदर वाटत नाही. भर रस्त्यात एखाद्या वृद्धेच्या जुन्या कोटावर रंग फेकणाऱ्यांविषयी तर मुळीच नाही.

आता आपल्या घराकडे वळावे. भारताने २०१७ च्या जानेवारीत मिंक, खोकड व चिंचिला यांच्या फरच्या आयातीवर बंदी घातली. ती स्वागतार्ह होती. त्या यादीत ससा मात्र नाही, रकून कुत्रा म्हणून ओळखला जाणारा पूर्व आशियातील प्राणीही नाही. आणि जगभरच्या स्वस्त गोंड्यांत या दोघांचा वाटा मोठा आहे. आणि वन्य जीव संरक्षण कायदा १९७२ पासून असूनही आपल्या हौसेला व श्रद्धेला प्राण्यांच्या अंगावरचे काही ना काही लागतेच. गळ्यातले वाघनख, हत्तीच्या शेपटीच्या केसाची अंगठी, आणि 'सियारसिंगी' या नावाने विकली जाणारी, कोल्ह्याच्या डोक्यावरचे शिंग म्हणून दाखविली जाणारी केसाळ पुडी. कोल्ह्याला शिंग नसते, हे शाळेतील मुलालाही ठाऊक आहे. तरी ती पुडी भरभराटीची भेट म्हणून कुंकवाच्या डबीत घालून दिली जाते.

याहून अधिक डाचणारे उदाहरण चित्रकलेच्या कुंचल्याचे आहे. मुंगसाचे केस टोकदार आणि ताठ, म्हणून त्यांचा कुंचला उत्तम मानला जातो. मुंगूस जिवंत असताना हे केस कोणी कातरून घेत नाही. मुंगूस मारावे लागते, आणि एका मुंगसापासून जेमतेम काही ग्रॅम उपयोगी केस निघतात. २०१९ च्या ऑक्टोबरात वन्य जीव गुन्हे नियंत्रण विभागाने उत्तर प्रदेश, महाराष्ट्र, केरळ आदी राज्यांत एकाच वेळी छापे घातले, तेव्हा हजारो कुंचले आणि शंभर किलोंहून अधिक कच्चे केस हाती लागले. बक्षीस समारंभात चित्रकलेत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला रंगपेटीबरोबर चांगल्यापैकी कुंचल्यांचा संच देण्याची प्रथा पुष्कळ शाळा-महाविद्यालयांत आहे. अशा समारंभात टाळ्या वाजविणाऱ्यांत मीही बसलेलो आहे. संचावर काय लिहिले आहे हे वाचण्याची बुद्धी मला कधी झाली नाही. माझ्या आप्तांना हसण्याचा अधिकार मला नाही, तो यासाठी.

भेटवस्तूचे अर्थकारणच असे आहे, की त्यात कोणीच वाचत नाही. स्वतःसाठी वस्तू घेताना माणूस दहादा उलटून पाहतो. दुसऱ्यासाठी घेताना तो ठरलेल्या रकमेत बसणारी, चटकन डोळ्यांत भरणारी वस्तू उचलतो. घेणाऱ्याला ती परत करण्याची चोरी असते. जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली नाताळच्या भेटींचा हिशेब मांडून दाखविले, की भेट ज्याला मिळते त्याच्या दृष्टीने तिचे मूल्य, देणाऱ्याने मोजलेल्या किमतीपेक्षा एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंत कमी असते. तेवढी संपत्ती विनाकारण वाया जाते. त्यांच्या हिशेबात दाता आणि घेता असे दोनच पक्ष होते. गोंड्याच्या बाबतीत तिसराही एक असतो, आणि त्याच्या वाट्याला आलेला तोटा कोणत्याही तक्त्यात मांडता येत नाही.

म्हणून मागणी साधी असावी. वस्तू केवढीही लहान असो, कितीही स्वस्त असो, अंगावर घालावयाची असो वा किल्लीला लटकवावयाची, तिच्यावर केस कोणत्या प्राण्याचे हे त्या प्राण्याच्या नावाने, ग्राहकाच्या भाषेत लिहिलेले असले पाहिजे. तुलनेने अल्प ही सवलत कोणासही असू नये. आयातबंदीच्या यादीत ससा व रकून कुत्रा यांची भर पडावी. नाव लिहिल्यावर मग ज्याला घ्यावयाचे त्याने घ्यावे. माझी अटकळ अशी आहे, की 'सशाचे कातडे' हे शब्द वाचून बरेच हात मागे येतील. ही अटकळ चुकीची ठरली, तर निदान आपण सारे काय विकत घेत आहोत हे जाणून घेत आहोत, एवढे तरी सिद्ध होईल.

तोपर्यंत ग्राहकाला स्वतःच तपास करावा लागणार. तो अवघड नाही. केस बाजूला सारून मूळ पाहावे; खाली विणलेले कापड दिसले तर माल कृत्रिम, कातडे दिसले तर खरा. केसांची टोके निमुळती होत गेली असतील तर तीही खूण खऱ्याचीच, मात्र कातरलेल्या फरमध्ये ती दिसत नाही. आणि दोन-चार केस उपटून काडीने पेटवावेत. कृत्रिम धागा वितळून त्याची गोळी होते व प्लॅस्टिकचा दर्प येतो. प्राण्याचा केस जळतो तो आपल्याच केसांसारखा.

गेल्या महिन्यात आमच्या शहरातील भेटवस्तूंच्या एका दुकानात मी हा प्रयोग केला. दुकानदार भला गृहस्थ होता. "हे केस कशाचे?" असे विचारताच तो म्हणाला, "साहेब, माल दिल्लीहून येतो. खोक्यावर नुसतं 'फॅन्सी' लिहिलेलं असतं." त्याच्या परवानगीने तीन गोंड्यांचे केस काढून आम्ही दोघांनी बाहेर पायरीवर जाळून पाहिले. दोन वितळले. तिसऱ्याचा वास येताच तो नाक दाबून मागे सरला आणि काही न बोलता त्या जातीच्या गोंड्यांची माळ त्याने काउंटरवरून काढून खाली ठेवली. मी पायऱ्या उतरत होतो तेव्हा एक कॉलेजकन्यका आत शिरून गुलाबी गोंडा मागत होती, आणि तो माळ पुन्हा वर काढावी की नाही या विचारात उभा होता.